मज्जा तरुण आहे तोवर

रामकुंडावर रोज कुणाच्या ना कुणाच्या अस्थी येतात. खानदेशातून, मराठवाड्यातून, गुजरातेतून माणसं कलश घेऊन पंचवटीत उतरतात, कारण इथल्या अस्थिविलय तीर्थात हाडं विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. गेलेल्या माणसाच्या हाडांसाठी आपण एवढा प्रवास करतो. जिवंत हाडांच्या आत काय चाललंय याची मात्र साधी चौकशीही करत नाही. ती करा, आणि घरात अठरा ते पस्तीस वयाचं कुणी असेल तर त्याच्याकडून एक लहानसं काम करून घ्या, एवढंच सांगायचं आहे. काम कोणतं ते पुढे येईल. आधी हाडांचं ऐका.

कमरेचं हाड, मणके, बरगड्या आणि छातीचं मधलं हाड यांच्या आत लाल मज्जा असते. डॉक्टर आणि पेशंट दोघंही तिला बोन मॅरो म्हणतात. बाळाच्या जवळपास सगळ्याच हाडांत ती असते. मोठेपणी हातापायांच्या लांब हाडांत तिची जागा चरबी घेते. आपलं रक्त इथं तयार होतं. किती? रोज सुमारे २०० अब्ज, म्हणजे २० हजार कोटी तांबड्या पेशी. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तर दिवस-दोन दिवसांतच संपतात. त्यामुळे या कामाला सुट्टी नाही. या सगळ्यांचं मूळ ज्या मोजक्या पेशींत असतं त्या रक्ताच्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल. रक्त पुरवत राहणाऱ्या अशा पेशी तरुण माणसाच्या अंगात २० हजार ते २ लाख असाव्यात असा अंदाज आहे.

मूळ पेशी बहुतेक वेळ निवांत असते, क्वचितच विभागते. विभागताना तिला आपल्या गुणसूत्रांची नक्कल करावी लागते, आणि गोम तिथंच आहे. नक्कल उतरवणारी यंत्रणा गुणसूत्राच्या अगदी टोकाचा तुकडा दरवेळी सोडून देते. पोथी उतरवून घेणारा लेखनिक प्रत्येक नकलेत शेवटचं पान गाळतो असं समजा. पोथीच्या शेवटी कोरी पानं जोडलेली असतील तोवर मजकुराला धक्का लागत नाही. गुणसूत्रांच्या टोकांवरची ही कोरी पानं म्हणजे टेलोमिअर: टी-टी-ए-जी-जी-जी ही सहाच अक्षरं, हजारो अक्षरांच्या लांबीपर्यंत पुन्हा पुन्हा. पानं संपत आली की पेशी विभागणं थांबवते किंवा मरते. टेलोमरेज नावाचं एक एन्झाइम मूळ पेशींत थोडी पानं परत जोडतं, पण गळती पुरती भरून निघत नाही. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरॉल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. ब्लॅकबर्न आणि ग्रायडर यांनी अभ्यासला तो तळ्यात राहणारा एकपेशीय जीव. माणसाच्या म्हातारपणाची एक किल्ली डबक्यात सापडावी, याचं मला नोबेलपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

केंब्रिजजवळच्या वेलकम सँगर संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक चिकाटीचं काम प्रसिद्ध केलं. नवजात बाळापासून ८१ वर्षांच्या माणसापर्यंत दहा जणांच्या मज्जेतल्या आणि रक्तातल्या ३,५७९ पेशींची जनुकीय लिपी त्यांनी पूर्ण वाचून काढली. मूळ पेशीत दरवर्षी सरासरी १७ नवे बदल साठतात आणि टेलोमिअर दरवर्षी सुमारे ३० अक्षरांनी आखूड होतो, असं त्यात दिसलं. पण खरी गोष्ट पुढची आहे. पासष्टीच्या आतल्या माणसांत रक्त तयार करायला हजारो मूळ पेशी झटत होत्या. पंचाहत्तरीपुढच्यांत मात्र १२ ते १८ पेशींचे वंश मिळून ३० ते ६० टक्के रक्त पुरवत होते. बाकीच्या मागे पडल्या होत्या. हेंड्रिकये व्हान आन्डेल-शिपर या डच बाई २००५ मध्ये ११५ वर्षांच्या होऊन वारल्या. त्यांनी देह विज्ञानाला दिला होता. तपासणीत आढळलं की अखेरच्या काळात त्यांचं बहुतेक रक्त दोनच मूळ पेशींच्या वंशातून येत होतं, आणि पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर मेंदूतल्या पेशींपेक्षा सतरा पटींनी आखूड होते. तरी बाई ११५ वर्षं जगल्या, हेही विसरायला नको.

सत्तरी ओलांडलेल्या दहातल्या साधारण एका माणसाच्या रक्तात अशा एखाद्या बदललेल्या वंशाचा ठळक वाटा सापडतो, हे २०१४ मध्ये कळलं. त्याला आजार म्हणत नाहीत. त्यातून रक्ताचा कर्करोग फार थोड्यांना होतो. हृदयविकाराचा धोका मात्र जवळपास दुप्पट असतो, असं २०१७ च्या अभ्यासात दिसलं. ही तपासणी करून घ्यायला धावू नका. सापडलं तरी डॉक्टर बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि विडी-सिगारेटकडेच बोट दाखवतील, आणि ते तुम्हाला आधीच माहीत आहे.

आता वडीलधाऱ्यांशी बोलतो. सकाळी तपोवनापर्यंत चालत जाणारे आजोबा घाटाच्या चार पायऱ्यांवर दम खायला लागले की घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच. नाही चालायचं. हिमोग्लोबिन पुरुषात १३ च्या खाली आणि बाईत १२ च्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमिया, मग वय पन्नास असो की पंच्याऐंशी. ‘या वयात दहा म्हणजे ठीकच’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पासष्टीपुढच्या अ‍ॅनिमियाच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांशात पोषणाची कमतरता निघाली, एक तृतीयांशात किडनीचा किंवा दुसरा जुना आजार, आणि उरलेल्यांत कारण सापडलं नाही. त्या उरलेल्यांत मज्जेच्या म्हातारपणाचा हात असू शकतो. म्हणजे तिघांतल्या दोघांना शोधता येण्याजोगं कारण असतं. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल, किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर बी-१२ कमी पडलेलं असू शकतं, आणि ते भरून काढणं सोपं आहे. म्हाताऱ्या पुरुषाचं लोह कमी निघालं तर बीट-गूळ-टॉनिकवर समाधान मानू नका. पोटात, आतड्यात किंवा मूळव्याधीतून रक्त जातंय का ते आधी बघायला हवं. सीबीसी ही तपासणी काहीशे रुपयांत कुठल्याही लॅबमध्ये होते. वर्षातून एकदा करा आणि जुने कागद फायलीत ठेवा, कारण एका आकड्यापेक्षा आकडा कुठल्या दिशेनं सरकतोय ते डॉक्टरला जास्त सांगतं. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही एकदम उतरले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग पडू लागले, तर थांबू नका. रक्तविकार पाहणाऱ्या डॉक्टरलाच गाठा.

मज्जेला खरोखर बाधणाऱ्या दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. धूम्रपान ही एक; बदललेल्या वंशांचं प्रमाण धूम्रपान करणाऱ्यांत जास्त आढळतं. दुसरी बेंझिन. हे मज्जेवरचं सिद्ध झालेलं विष आहे आणि पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत असू शकतं. गॅरेजमध्ये काम संपल्यावर पेट्रोलनं हात धुणारी पोरं तुम्ही पाहिली असतीलच. मालकांनी साबणाची लादी आणून ठेवावी, फार खर्च नाही.

विकत घ्यायच्या गोष्टींबद्दल थोडक्यात, कारण त्यावर जास्त शाई घालवावी अशी त्यांची योग्यता नाही. टेलोमिअर वाढवून तारुण्य देतो म्हणणारी कॅप्सूल घेऊ नका. टेलोमिअर लांब म्हणजे चांगलंच, असंही नाही: जन्मजात फार लांब टेलोमिअर असलेल्या काही कुटुंबांत गाठी आणि रक्तातले बदललेले वंश जास्त आढळले, हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मेरी अरमानिओस यांच्या गटानं २०२३ मध्ये दाखवलं. पोथीला पानं जास्त असली की चुकीच्या नकलांनाही वाव जास्त. गुडघे, केस, साखर, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सगळ्यावर ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन देणाऱ्यांना विचारा, हे मान्यताप्राप्त आहे का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सरळ आहेत: रक्ताच्या आजारांसाठी होणारं मूळ पेशींचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार, बाकी सगळं संशोधनाच्या चौकटीतच, आणि संशोधनासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. बाळाच्या नाळेचं रक्त स्वतःच्या बाळासाठी खासगी बँकेत ठेवायलाही आयसीएमआरची शिफारस नाही. पहिल्या वीस वर्षांत ते त्याच बाळाला लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकीच धरली आहे, आणि आजार जनुकीय असेल तर नाळेतही तोच असतो. बाळंतपणाच्या घाईत सही घेणाऱ्या एजंटला हे दोन आकडे सांगून बघा.

आता ते काम.

१९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. भाऊ जुळला म्हणून. मज्जा जुळते ती एचएलए नावाच्या खुणांवर, रक्तगटावर नाही. रक्तगट वेगळा असला तरी चालतं, उलट प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आजीच्या पिढीत घरटी पाच-सहा मुलं होती. चार भावंडं असतील तर त्यांतलं निदान एक जुळण्याची शक्यता शंभरात ६८. आज एकच भाऊ किंवा बहीण असते, मग ती शंभरात २५ वर येते, आणि एकुलत्या एकाला तेवढीही नाही. अलीकडे आई-वडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही वापरतात आणि त्यात यश येतंय, पण परका पूर्ण जुळणारा दाता कितीतरी रुग्णांना हवाच असतो. थॅलेसेमियाची मुलं, अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचे तरुण, ल्युकेमियाचे सगळ्या वयांचे रुग्ण.

परका दाता सापडतो तो नोंदणीतून. भारतात दात्री, डीकेएमएस फाउंडेशन इंडिया, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री इंडिया अशा संस्था ही नोंद ठेवतात. जगभरच्या नोंदण्यांत चार कोटींहून अधिक नावं आहेत. आपल्या अवाढव्य देशाची त्यांत काही लाखच. आणि परदेशातल्या नावांचा आपल्याला उपयोग बेताचाच. आपण शतकानुशतकं जातीत, पोटजातीत, शेजारच्या चार गावांत लग्नं केली. त्यामुळे एचएलएच्या खुणाही त्या त्या समाजात साचल्या. ज्या समाजाची तरुण पोरं नोंदणीत नाहीत, त्या समाजाच्या रुग्णाला दाता मिळणं कठीण. हे पंचवटीला मुद्दाम सांगतो, कारण पेठ आणि दिंडोरीचे रस्ते आपल्या दारातून शहरात शिरतात. पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी मुलं इथं कॉलेजला येतात, मार्केट यार्डात, बांधकामावर कामाला येतात. त्यांच्या पाड्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आणि नोंदणीचं टेबल त्यांच्यापर्यंत न्यायला हवं.

वयाचा हिशेब आता लावा. पस्तिशीच्या आतली मज्जा कशासाठी हवी? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भावंडांच्या दहा जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एकानं दुसऱ्याला मूळ पेशी दिल्या होत्या, नऊ ते एकतीस वर्षांपूर्वी. दाता १८ ते ४७ वयाचा असताना रुग्णाच्या अंगात ५ हजार ते ३० हजार मूळ पेशी रुजून अजून काम करत होत्या. दाता पन्नाशीपुढचा असेल तर त्याच्या दहावा हिस्सा. शिवाय नव्या अंगात रुजताना या पेशींना भराभर विभागावं लागतं, म्हणून रुग्णाच्या रक्तातले टेलोमिअर दात्यापेक्षा आखूड आढळतात. सुरुवात लांब टेलोमिअरनं झालेली बरी. अमेरिकेतल्या नोंदींचा २०१६ चा हिशेब असा, की दात्याचं वय दहा वर्षांनी वाढलं की रुग्णाच्या मृत्यूचा धोका सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढतो. ब्रिटनची अँथनी नोलन संस्था तर फक्त १६ ते ३० वयाच्यांनाच नव्यानं नोंदवते. आपल्याकडच्या संस्था पन्नाशीपर्यंत किंवा थोडी पुढेही नावं घेतात, पण डॉक्टरला निवड असली तर तो विशीतलाच दाता उचलणार.

म्हणून शनी चौकात रंगपंचमीला रहाडीत धप्पा मारणाऱ्या पोरांनो, के. के. वाघ, पंचवटी कॉलेज आणि आडगावच्या मेडिकलच्या मुला-मुलींनो, हे तुमच्या वयाचं काम आहे. नोंदणीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि अर्ज भरायचा. सुई नाही, रक्त नाही. काही संस्था किट घरी पाठवतात. बोलावणं कदाचित कधीच येणार नाही. आलं, तर तुमची पूर्ण तपासणी होते, मग चार-पाच दिवस रोज इंजेक्शन देऊन मूळ पेशी मज्जेतून रक्तात आणतात. त्या दिवसांत हाडं ठणकतात, डोकं दुखतं. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि ते थांबतंही. नंतर प्लेटलेट देताना लावतात तशा यंत्राला हाताची शीर तीन ते पाच तास जोडतात. थोड्या वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. मणक्यातून नव्हे. पाठीच्या कण्यात सुई घालतात ही अफवा इतक्यांनी ऐकली आहे की ती खोडायला वेगळं वाक्य लिहावं लागतं. दात्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते, आणि दानाचा खर्च दात्यावर पडत नाही.

आई-वडिलांनो, सासू-सासऱ्यांनो, तुमची गरज इथं आहे. नोंदणी करणारी मुलं खूप मिळतात. बोलावणं आल्यावर घरात ‘कशाला भलतं’ सुरू होतं आणि मुलं मागे फिरतात, ही नोंदणी संस्थांची जुनी डोकेदुखी आहे. मुलीच्या बाबतीत तर ‘लग्न व्हायचंय अजून’. मूळ पेशी दिल्यानं मूल होण्यात कसलीही अडचण येत नाही. नाही म्हणायचा हक्क दात्याला शेवटपर्यंत असतो. पण कधी नाही म्हणायचं ते नीट समजून घ्या. प्रत्यारोपणाआधी रुग्णाची स्वतःची मज्जा जबर औषधांनी पूर्ण मारतात. ती मेल्यानंतर दाता फिरला, तर तो माणूस रक्ताविना मरू शकतो. भीती असेल तर पहिल्याच फोनवर सांगा; संस्था दुसऱ्याला शोधेल. होकार दिला तर मात्र पाळा.

एका प्रकारच्या घरांनी नोंदणीआधी डॉक्टरला गाठावं. कुटुंबात दोघा-तिघांचे केस विशीतच पांढरे झाले, कुणाची फुप्फुसं घट्ट होत गेली, दारू न पिता कुणाचं लिव्हर बिघडलं, आणि त्यातच एखाद्याची मज्जा निकामी झाली, तर टेलोमिअरचा जन्मजात आजार असू शकतो. टेलोमिअरची लांबी मोजण्याला खरा अर्थ आहे तो अशा घरांतच. तिथं भाऊ जुळला तरी त्याच्यात तोच दोष लपलेला असू शकतो, म्हणून त्याची मज्जा घेण्याआधी तपासणी व्हायलाच हवी. केस लवकर पिकले म्हणून बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही.

मंडळांना एक मागणं. गणेशोत्सवात आणि शिवजयंतीला तुम्ही रक्तदान शिबिरं घेता, पंचवटीत त्यांची कमतरता नाही. पुढच्या शिबिराआधी महिनाभर यांतल्या एखाद्या संस्थेला पत्र टाका आणि रक्ताच्या खाटांशेजारी गालाच्या काडीचं एक टेबल लावा. दाता आधीच रांगेत उभा असतो, फॉर्म भरायला पेन हातात असतं. पाच मिनिटं जास्त लागतात. कॉलेजांच्या एनएसएसनं पेठ रोडच्या वसतिगृहांत हे टेबल न्यावं. दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरची मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंगची कॉलेजं जोडलेली आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं तर ही गोष्ट पंचवटीपुरती राहणार नाही.

नोंदणी झाल्यावर एवढं लक्षात ठेवा. विशीतल्या माणसाचा पत्ता सारखा बदलतो: शिक्षणाला पुणे, नोकरीला बंगळुरू, मोबाइलचं सिम दुसरंच. बोलावणं पाच वर्षांनी येईल किंवा पंधरा. नंबर बदलला की त्याच दिवशी संस्थेला कळवा आणि घरातल्या एकाचा नंबर जोडीला देऊन ठेवा, शक्यतो आईचा. तिचा नंबर सहसा बदलत नाही.